गुडघ्याची सिकाई

रोबोचा हात जागचा हललाच नाही. रेडिएशनच्या टेबलावर उताणे पडलेल्या दिवाकर टोकेकरांनी मान न हलवता डोळे तेवढे तिकडे फिरवले. उपचाराआधी ठरलेलं पाणी पिऊन लघवी दाबून धरलेल्या माणसाला सहनशक्ती थोडी कमीच असते. शेवटी दार उघडलं आणि टेक्निशियन अनुश्री आत आली.

"काका, उठा. आज नाही होणार."

"का? मशीन खराब?"

"मशीन ठीक आहे. तुमच्या पोटात गॅस आहे." तिने आवाज खाली आणला. "प्रोस्टेटमध्ये सोन्याचे दाणे बसवलेत ना, त्यांचा निशाणा धरून किरण सोडतो आपण. आतडं फुगलं की दाणे सरकतात. थोडं सरकलं तर रोबो सांभाळतो, एवढं नाही. सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही."

"काका."

"थोडे पोहे."

सेव होती का, हे तिने विचारलं नाही. इंदुरात ते विचारावं लागत नाही.

उपचार न घेता परतायची ही दुसरी खेप. उद्याही असंच झालं तर सगळी आखणी नव्याने करावी लागेल, आणि गाठ तोवर थांबेलच असं नाही, हे डॉक्टरांनी बाहेर त्यांच्या बायकोला, अरुंधतीबाईंना सांगितलं. बाईंनी आठवडाभर घरात कोबी येऊ दिला नव्हता, शेजारून आलेले छोले तसेच परत पाठवले होते. गाडीत पट्टा लावता लावता त्या फुटल्या.

"त्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे तुम्हाला एक 'नको' म्हणता येत नाही?"

"नको म्हटलं तर विचारतात."

"मग सांगा."

"काय सांगू? चौकात उभा राहून सांगू, कुठे झालाय ते?"

"मग जाऊच नका तिथे."

"नाही गेलो तर घरी येतील. सगळे." दिवाकररावांनी काच खाली केली, पुन्हा वर केली. "गुडघ्याची सिकाई चाललीय, शेक घेतोय म्हणून सांगितलंय. सिकाईला पोहे चालतात."

"तुमच्या त्या गुडघ्यापायी मी विधवा होऊ का?"

दिवाकररावांची भीतीही खोटी नव्हती. मागच्या थंडीत रघुवीर भियांनी अ‍ॅसिडिटी म्हणून सेव सोडली, तर कोपऱ्यावरच्या मंडळींनी त्यांची पार रेवडी उडवली होती. 'मरीज साब' हे नावही तेव्हाच पडलं. महिन्याभराने रघुवीर पुन्हा सेव खाऊ लागले. नाव काही गेलं नाही. पोहेवालासुद्धा आता त्याच नावाने हाक मारायचा. बारसं दिवाकररावांनी केलं होतं आणि त्याचं श्रेय ते कुणाला देत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, तेव्हा अरुंधतीबाई दारात चपला घालून उभ्या होत्या.

"तू कुठे?"

"पोहे खायला."

त्या कोपऱ्यावर कुणाची बायको कधी आली नव्हती. मंडळी जरा आवरून उभी राहिली. रघुवीरनी लगबगीने दोन प्लेट सांगितल्या.

"आओ भाभी! क्या भिया, घुटना कैसा है? ले, सेव डबल डलवाई है."

दिवाकररावांचा हात सवयीने पुढे गेला. प्लेट अरुंधतीबाईंनी मधल्या मधे घेतली.

"ह्यांना नको."

"क्यों भाभी?"

नवऱ्याकडे रोखून बघत बाई चमच्याने खाऊ लागल्या. दाताखाली सेव कुरकुरत होती. त्या आवाजाने दिवाकररावांचं डोकं फिरलं.

"कैंसर है!" ते ओरडले. "प्रोस्टेट का. घुटने को कुछ नहीं हुआ. हो गई तसल्ली सबकी?"

कढईतला झारा थांबला. दोघातिघांनी आपापल्या प्लेटमध्ये बघितलं. दिवाकरराव छाती वरखाली करत उभे होते, पहिला कोण हसतो त्याच्यावर धावून जायला.

रघुवीरनी आपली प्लेट बाकावर ठेवली. बोटं रुमालाला नीट पुसली.

"पानी घर से पीके जाते हो?"

"क्या?"

"घर से मत पीना. वहाँ पहुँच के पीना, भिया. रास्ते में स्पीड ब्रेकर बहुत हैं." मग रस्त्याकडे बघत, "वो अनुश्री बिटिया है अभी वहाँ?"

दिवाकररावांनी मान डोलावली. मागच्या थंडीतली ती अ‍ॅसिडिटी त्यांना आठवली. तोंडात आलेली शिवी कुणाला द्यावी ते त्यांना ठरवता येईना. एवढ्यात पोहेवाल्याने, काही झालंच नाही अशा थाटात, कागदाचा पुडा रघुवीरपुढे केला.

"मरीज साब, आपकी जलेबी!"

"ओय!" दिवाकररावांनी ठेल्यावर एवढ्या जोराने थाप मारली की जिरावन मसाल्याचा डबा उलटला. "नाम है उनका. रघुवीरजी बोल."

पोहेवाला बघतच राहिला. हे नाव शिकवलं कुणी होतं, हे त्याच्या ओठांवर आलं असावं, त्याने गिळलं. रघुवीरनी डबा सरळ केला.

अरुंधतीबाईंनी प्लेटमधली उरलेली सेव चिमटीने गोळा करून तोंडात टाकली.

"चला," त्या म्हणाल्या. "पाणी तिथं पोचल्यावर."