महिनाभर चालून बघा

ज्योतिबा नारायणगावच्या एसटी डेपोत तेहतीस वर्षं मेकॅनिक होता. २००१च्या जानेवारीअखेर तो निवृत्त झाला. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेतीन लाख येणार होते. ते कशाला लावायचे हे त्याचं कधीच ठरलं होतं. त्याच्या बायकोचं, बानूबाईचंही ठरलं होतं. फक्त दोघं एकमेकांशी त्यावर कधी बोलले नव्हते.

निवृत्तीचा नारळ घेऊन घरी आला त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला.

"शंभर मेंढरं घ्यायची. एक घोडं घ्यायचं. दिवाळी झाली की माळशेज उतरून कोकणात जायचं, अन् पावसाच्या आधी माघारी. माझ्या बापासारखं."

बानूबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. "अन् वाटंनं भाकरी कोण थापणार?"

"तू असशील की."

"मी न्हाई."

दोघंही धनगरांच्या घरातली. पण ज्योतिबा सगळ्यांत धाकटा, म्हणून बापानं त्याला शाळेसाठी निरगुडसरला आत्याकडं ठेवलं होतं. त्याला मेंढरं दिसायची ती पावसाळ्यात, वाडा, म्हणजे मेंढरं अन् माणसांचा सगळा तांडा, गावी परतल्यावर. हिरवं माळरान, लोकर कातरायची गडबड, बापाचा तांबडा फेटा, अंगाला घासणारी कोकरं. तेवढंच मनात राहिलं होतं. बानूबाई मात्र सतरा वर्षांची होईस्तोवर मेंढरांमागं चालली होती. तिला दोन स्थळं आली तेव्हा तिनंच बापाला सांगितलं होतं, "ह्या एसटीवाल्याला द्या. ह्याचं घर एका जागी हाय."

तिला नारायणगावात भाजीबाजारामागं नव्यानं होणाऱ्या इमारतीत गाळा हवा होता. खाली मिरची-मसाला कांडायचं मशीन, वर राहायला एक खोली. बिल्डरशी ती बोलूनही आली होती. गाळा, खोली, मशीन सगळं धरून सव्वातीन लाख. म्हणजे एकतर मेंढरं, नाहीतर गाळा.

आठ दिवस घरात कुणी आवाज चढवला नाही, पण कुणी धड बोललंही नाही. त्याला आमटी वाढताना ती अजून हवी का विचारीना, आणि तो मागेना. चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं, दत्तानं, फोनवर सल्ला दिला की पैसे बँकेत ठेवा आणि व्याज खा. त्याला गप्प बसवण्यापुरतं मात्र दोघांचं एकमत झालं.

नवव्या दिवशी बानूबाईनंच तोड काढली. तिचा भाऊ बहिरू याची मेंढरं तेव्हा घाटाखाली, टोकावड्याच्या बाजूला होती.

"बहिरूबरोबर महिनाभर चालून बघा," ती म्हणाली. "चाललात तर मी गाळ्याचं नाव घेणार न्हाई."

"अन् तू?"

"मी तवर मंचरला आपल्या वळखीच्या साळुबाईच्या दुकानात मिरची कांडते. माझ्याच्यानं झालं न्हाई तर मुकाट तुमच्या घोड्यामागं येते."

ज्योतिबाला हा सौदा एकदम पटला. त्याला वाटलं, आपण जिंकलोच.

पहिले चार दिवस तो हवेत होता. सकाळी बहिरू आणि गडीमाणसांबरोबर मेंढरं घेऊन निघायचं. भात काढलेल्या मोकळ्या खाचरांतून चारत जायचं, वाटेत चहाच्या टपरीवर टेकायचं. दिवस कलला की नव्या मुक्कामाला पोचायचं. तिथं चूल पेटलेली असे, चहा उकळत असे. पहिल्याच दिवशी एका गावाच्या बोळात त्याच्या हातून सात मेंढरं भलतीकडंच गेली, पण बहिरूनं शीळ घालून ती परत आणली. सगळे हसले, तोही हसला.

पाचव्या दिवशी त्याच्या दोन्ही टाचांना फोड आले. बहिरू म्हणाला, "दाजी, आज तुमी बिऱ्हाडाबरोबर जावा. सावकाश चालाल."

बिऱ्हाड म्हणजे सामान लादलेलं घोडं, आणि ते घेऊन जाणारी बहिरूची बायको भागू. तिनं उजाडायच्या आत भांडी, पिठाची पोती, कोंबड्यांची पाटी, मेंढरांभोवती लावायची जाळी घोड्यावर बांधली. वर तीन नुकतीच जन्मलेली, ओली कोकरं ठेवली. एक आजारी कोकरू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तीन कोस चालून मुक्कामाला पोचल्यावर ती क्षणभरही बसली नाही. विहीर लांब होती. तिनं दोन खेपांत चार हंडे पाणी आणलं. खुंट्या ठोकून जाळी लावली. जळण गोळा केलं. दहा माणसांच्या भाकरी थापायला बसली. गडीमाणसं येईपर्यंत चहा उकळत होता.

ज्योतिबा उठून हंड्याला हात घालायला गेला तर ती म्हणाली, "बसा दाजी. तुमचे पाय दुखत्यात."

"तुझे न्हाई दुखत?"

भागू हसली. "सवय हाय. सासूबाई सांगायच्या, बानूवन्सं आठ वर्साच्या असल्यापासून हंडा आणायच्या."

तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात बानूबाईनं त्याला हे सांगितलं नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्याच्या मनातल्या त्या चित्रात चूल नेहमीच पेटलेली असायची. ती कोण पेटवतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही.

फोड बरे झाले तरी तो बिऱ्हाडाबरोबरच चालू लागला. पाणी तो आणायचा, खुंट्या तो ठोकायचा. "दाजी बायकांत गेलं," म्हणून गडी हसायचे. त्यानं मनावर घेतलं नाही. एकही दिवस न चुकवता त्यानं महिना पुरा केला.

घरी आला तेव्हा बानूबाई आधीच मंचरहून आली होती. मिरचीनं तिचे हात लाल झाले होते आणि खोकला अजून गेला नव्हता. पण कुठल्या मिरचीला किती तेल, कुठला मसाला कितीदा चाळायचा, पट्टा सैल झाला की मशीनचा आवाज कसा बदलतो, हे सगळं ती शिकून आली होती. त्याचं रापलेलं तोंड बघून तिला काय ते कळलं.

"चाललात म्हणायचं."

"चाललो."

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "मग घ्या मेंढरं. मी शब्द दिलाय."

"शंभर न्हाई घ्यायची," ज्योतिबा म्हणाला. "शंभराला एक बाई लागती, बानू. दिवसभर राबणारी. ती मी कुठनं आणू?"

बानूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "भागूबरोबर गेला व्हतात?"

"पंचवीस दिवस."

तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मिरची झोंबती म्हणाली.

मग दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्यानं तीस मेंढ्या घेतल्या आणि वाट्यानं बहिरूच्या कळपात सोडल्या. घोडं घेतलं नाही. तिनं वरची खोली सोडून नुसता गाळा घेतला, आणि मशीन जुनं पण चांगलं पाहून घेतलं. मशीन त्यानं स्वतः खोलून, धुऊन, नवी बेअरिंगं टाकून बसवलं. फाल्गुन-चैत्रात गाळ्यासमोर बायकांची रांग लागू लागली. ज्योतिबा दिवाळीनंतर घाटाखाली जायचा आणि मिरचीच्या हंगामाला परत यायचा. लोकांनी आधी नावं ठेवली. म्हातारपणी नवरा कोकणात अन् बायको बाजारात, असं म्हणून झालं. मग त्याचंही कुणाला नवल राहिलं नाही.

२००५च्या जानेवारीत बानूबाई दोन दिवस गाळा बंद ठेवून एसटीनं माळशेज उतरली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती वाड्यावर गेली होती. ज्योतिबानं तिला चहा करून दिला. चहा जरा करपट झाला होता, पण ती सगळा प्यायली. भागूशी ती पोटभर बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा उठला तेव्हा तिनं कशाला हात लावला नाही. नुसतं बघत उभी राहिली.

तो तिला सडकेपर्यंत सोडायला आला.

"पुढल्या वर्षी येशील?" त्यानं विचारलं.

"येईन की. पावणी म्हणून."

कल्याणकडून गाडी आली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलल्यावर ज्योतिबा वळला आणि भरभर चालू लागला, कारण बिऱ्हाड बरंच पुढं गेलं होतं आणि पाणी त्याला आणायचं होतं.