अकराव्या दिवसाचे ठोके

सिनेमातल्या म्हाताऱ्या मजुराचा आज अकरावा दिवस होता. बोगदा कोसळलेला, अन्नपाणी संपलेलं, आणि तो दगडाने लोखंडी पाइपवर ठोकतोय. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन. पडद्यावर त्याचा हात दिसे, आवाज मात्र नव्हता. तो आवाज स्टुडिओच्या एका बंद खोलीत सासरे आणि सून मिळून तयार करत होते. चाळीस वर्षं सासऱ्यांनी हेच केलं होतं. दुसऱ्यांची पावलं, दुसऱ्यांची दारं वाजवली होती. सून सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आली.

आठ दिवस नुसती ठोकाठोक चालली होती, पाइप म्हणून खोलीच्या दाराच्या पत्र्यावर. ठोक्यात आशा ऐकू आली पाहिजे, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. सून मेटाकुटीला आली होती.

"अकरा दिवस कोण ठोकतं, बाबा? तिसऱ्याच दिवशी माणूस हात टेकेल."

"ऐकणारा आहे असं धरून ठोकायचं," सासरे म्हणाले. "तेवढं धरलं नाही की हात जड होतो. माइकला लगेच कळतं."

त्यांचं देवाशी बोलणंही असंच असे. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, आणि उत्तराची घाई नाही. सुनेला ते गोड वाटे, पण पटत नसे.

दुपारी रेकॉर्डिस्ट जेवायला निघाला. सुई पडली तर ती टोकावर पडली की नाकावर हे सांगणारा माणूस, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत. मशीन चालू ठेवतो, तासाभरात येतो, तोवर हात बसवा, असं सांगून तो गेला. दारावरचा लाल दिवा तसाच जळत राहिला. तो दिवा लागलेला असताना बाहेरून दाराला हात लावायचा नाही, हा तिथला नियम.

थोड्याच वेळात सासऱ्यांचा श्वास वाजू लागला. माइकमध्ये घरघर येते म्हणून एसी बंद होता. दम्याचा पंप जॅकेटच्या खिशात, आणि जॅकेट बाहेर खुंटीवर, कारण त्याचं कापड सळसळतं. फोनही बाहेरच. आत्ता आणते म्हणत सुनेने दाराचा आतला दांडा फिरवला. दांडा हातातच आला.

आधी तिला हसू आलं. मग तिने भोकात बोट घातलं, केसातली पिन घातली, खांदा लावून पाहिला. दार ढिम्म. ती जिवाच्या आकांताने ओरडली आणि तिचा आवाज भिंतींनी गिळला. त्या बांधल्याच होत्या त्यासाठी. दाराचा पत्रा तेवढा बाहेर वाजे. तिने दगड उचलला आणि ठोकायला लागली.

बाहेर साफसफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. ठोके त्यांनी ऐकले, लाल दिवा पाहिला, आणि बादलीचा आवाज यांच्या कामात नको म्हणून ती हलक्या हाताने पुढे सरकवली. आठ दिवस डोक्याचा ढोल झालाच होता, त्यात आणखी एक.

आत सासरे भिंतीला टेकून खाली बसले. ओठ निळसर पडले होते. त्यांनी हात पुढे केला.

"तुझा हात घाबरलाय. दगड दे इकडे."

बसल्या जागेवरून ते दारावर ठोकू लागले. तीन, थांबून तीन. मधल्या जागेत शीळ घातल्यासारखा श्वास. सून त्यांची पाठ चोळत राहिली.

"कोणी ऐकत नाहीये, बाबा."

त्यांनी आणखी तीन ठोके दिले. मग म्हणाले, "ऐकतोय."

कोण, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

मावशी पॅसेजच्या टोकाला पोचल्या होत्या. आठ दिवस त्या याच ठोक्यांवर पोछा मारत होत्या. तीन ठोक्यांत डावीकडे, तीन ठोक्यांत उजवीकडे. आता पोछा मध्येच थांबला. दोनच ठोके आले. मग नुसती शांतता. मग एक, तोही घसटून गेल्यासारखा. मावशी पुढच्यासाठी थांबल्या. तो आलाच नाही.

आतल्या म्हाताऱ्याचा ताल चुकत नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात हे दार उघडल्यापायी एकाला घरी बसवलं होतं. देवा, नोकरी गेली तर तू बघ, असं पुटपुटत त्यांनी बाहेरचा दांडा फिरवून दार ओढलं.

सून जॅकेटकडे धावली. पंपाचे दोन झोत घेऊनही सासऱ्यांचा श्वास लवकर जागेवर येईना. ओल्या फरशीवर बसून ती त्यांच्या छातीवर नजर लावून होती. बऱ्याच वेळाने ओठांवर रंग आला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तुटका दांडा अजून आपल्या मुठीतच आहे.

कानसेन परतला. झालेलं कळताच त्याने कपाळाला हात लावला. मावशींच्या नोकरीचं मी बघतो म्हणाला, मग आत जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं आणि डोळे पुसत बाहेर आला. विचारू की नको, असं करत त्याने विचारलंच, शेवटचे ठोके सिनेमात घ्यायचे का.

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"दोन ठेव," ते म्हणाले. "तिसरा ऐकणाऱ्यावर सोड."

मग ते दगड घेऊन पुन्हा आत निघाले. उरलेलं काम उद्यावर टाकायचं नाही, हा त्यांचा हट्ट. सुनेने आधी एसी लावला, दारात पाचर मारली आणि जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं.

"अगं, सळसळेल."

"सळसळू दे."