मला नस ओळखता येत नाही

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि मुळातच भित्री आहे.

मी दवाखान्यात राहते. प्रवासी बॅगेएवढी, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली. माझ्यातून एक वायर निघते आणि ती लांब, बारीक सुईला जोडली जाते. ज्यांची कंबर वर्षानुवर्षे दुखते, त्यांना पालथे झोपवतात, जागा बधिर करतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत डॉक्टर ती सुई मणक्यापाशी नेतात. मग मी सुईचे टोक ऐंशी अंशांपर्यंत तापवते. दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणारी एक छोटी नस त्या चटक्याने गप्प होते. ना चिरफाड, ना टाके. माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो.

आपल्या पायांनी! माझी सगळी भीती इथेच आहे. त्या छोट्या नसेच्या जवळूनच पायाकडे जाणारी मोठी नस जाते, आणि मला नस ओळखता येत नाही. जिथे सुई, तिथे चटका.

कारखान्यात शेवटचा स्क्रू आवळताना मला जोडणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "सांभाळून गं बाई." नवी होते तेव्हा मला बघायला दुसऱ्या दवाखान्यांतून डॉक्टर येत. एका आजींनी तर जाताना माझ्या झाकणावर थोपटले. "गुणाची आहेस हो," म्हणाल्या, जशी काही मी त्यांची सूनच! आता माझे एक बटण अडकते, चाक कुरकुरते आणि मला पुसायला कोणाला सवड नसते. असो.

गेल्या आठवड्यात शिवणकाम करणारी एक आई आली. चार वर्षे कंबर धरलेली. सिस्टर मला ढकलत बाहेरच्या बाकांजवळून नेत होत्या, तेव्हा ती वाकून सहा वर्षांच्या लेकीच्या सँडलचा पट्टा लावत होती.

"आई, दुखतंय?"

"छे गं, काही नाही."

चेहरा मात्र पांढराफटक.

आत ती पालथी झोपली. सुई गेली. चटक्याआधी मी हलकासा प्रवाह सोडते, चाचणीपुरता. सुई बरोबर असेल तर कमरेतले नेहमीचे दुखणे तेवढे जागे होते. पायात मुंग्या गेल्या तर सुई चुकली. पण मुंग्या दिसत नाहीत. त्या झोपलेल्या माणसानेच सांगाव्या लागतात.

"ताई, कमरेत दुखतंय ना, नेहमीसारखं?" डॉक्टरांनी विचारले.

"हो, ठीक आहे."

"पायात काही जातंय?"

"नाही, काही नाही. तुम्ही चालू द्या."

डॉक्टरांचा हात बटणाकडे आला. मी गारठले. ओरडावे तर मला एकच आवाज, पीप, आणि तो तापू लागल्यावरच निघतो.

"थांबा डॉक्टर!" सिस्टर पायथ्याशी उभ्या होत्या. चादरीबाहेर आलेल्या उजव्या पायाची बोटे घट्ट आवळलेली त्यांना दिसली. त्या तिच्या कानाशी वाकल्या. "ताई, बाहेर लेकीला जे सांगितलंत ते इथे नका सांगू. इथे शूर व्हायचं नसतं. पायात काय होतंय?"

मग उशीत तोंड खुपसूनच ती म्हणाली, "मुंग्या... पार टाचेपर्यंत. मला वाटलं, एवढं होतच असेल. उगाच तुम्हाला कशाला त्रास!"

डॉक्टरांनी कपाळ पुसले. "अहो, आम्हाला त्रास द्यायलाच तर बोलावलंय तुम्हाला!"

सुई जराशी मागे, जराशी वर. पुन्हा प्रवाह.

"आई गं! कमरेत. हेच ते, माझं रोजचं."

"आणि पायात?"

"नाही हो. या वेळी खरंच नाही."

मग मी तापले. नव्वद सेकंद. एकेक सेकंद जीव मुठीत धरून मोजला. "आता अंगठे हलवा," डॉक्टर म्हणाले. आधी डावा हलला. मग, जरा उशिराने, उजवा.

सुटले म्हणते तोच पुढचे आजोबा आले. पालथे होता होताच म्हणाले, "मला दुखतबिखत काही नाही. उरका लवकर!"

मित्रांनो, मला रोज पुसा असे मी म्हणत नाही. पण दुखले तर दुखले म्हणा. कुठे, ते बोट ठेवून सांगा. घरातले मोठे माणूस "काही नाही" म्हणाले तर पुन्हा एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा. बटणावर बोट आलेले असते तेव्हा मला अडवायला तोंडातून निघालेल्या एका खऱ्या शब्दाशिवाय काहीही नसते. तो गिळू नका.