लाल डबा

वॉर्डाच्या बैठकीत साहेबांनी कचऱ्याची नवी योजना वाचून दाखवली. गाडी आता रोज नाही, दोन दिवसांआड येणार. कुणाची काही सूचना आहे का, असं त्यांनी विचारलं. मी उठले.

"माझी आई अंथरुणाला खिळलीय. तिचे डायपर दोन दिवस घरात ठेवू, की तुमच्या टेबलावर आणून ठेवू?"

लोक हसले. आमच्या समोरच्या काकूंनी नाक मुरडलं. "चारचौघांत काय हे बोलणं," म्हणाल्या. पण माझं डोकं फिरलं होतं, मी काही खाली बसले नाही. शेवटी ठरलं, आजारी माणूस असलेल्या घराला झाकणाचा लाल डबा द्यायचा आणि तिथे गाडी रोज थांबवायची.

घरी येऊन मी आईला ऐटीत सांगितलं, "तुझ्यासाठी अख्खं सरकार हलवलं बघ." ती हसली.

आई जाऊन महिना होत आला. गाडी अजून थांबते. कामगार झाकण उघडून पाहतो आणि पुढे जातो.

काल समोरच्या काकू दारात आल्या. काकांना अर्धांगवायू झालाय. "तो डबा..." एवढंच बोलल्या आणि मान खाली घातली.

"संध्याकाळी आणून देते," मी म्हटलं.

दुसऱ्याला द्यायचा म्हणून डबा फिनेलने खसखसून घासला, उन्हात पालथा घातला. उचलताना राहवलं नाही. आत नाक खुपसलं.

ज्या वासाला मी रोज शिव्या घालायचे, तो कुठेच नव्हता.