विमानातल्या आडमुठ्या पेटीची कैफियत

मी एक जुनी, करड्या रंगाची, बुटांच्या खोक्याएवढी पेटी आहे. मित्रांनो, माझे खरे नाव सतरा आकडे-अक्षरांचे आहे. माझ्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर ते अजून वाचता येते, पण त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. सगळे मला 'आडमुठी' म्हणत. कुणी हसून म्हणे, कुणी दातओठ खाऊन. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. अकरा वर्षे एका प्रवासी विमानात मी 'नाही' म्हणण्याची नोकरी केली. एकदा माझ्यावर ठपका आला. त्याची ही हकीगत. ऐकून तुम्हीच ठरवा चूक कुणाची ते.

एका लांबट खोलीत माझा जन्म झाला. भिंतीला लागून टेबले, प्रत्येक टेबलावर भिंग आणि दिवा, आणि हवेत वायरी जोडायच्या तापलेल्या डाखाचा वास. तिथे माझे अंग तयार झाले. बुद्धी मात्र मला एका इंजिनिअर बाईने दिली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका ती लाल पेनाने काढत असे, म्हणून तिला सगळे 'मास्तरीण' म्हणत.

माझे काम तिने ज्या शब्दांत तिच्या सोबत्याला समजावले, त्याच शब्दांत तुम्हाला सांगते. विमानाच्या छतावर एक अँटेना असते. तिच्यातून इंटरनेट आत येते आणि आत आले की त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट प्रवाशांच्या मोबाइल-लॅपटॉपकडे जाते. दुसरी जाते कंपनीच्या एका संगणकाकडे. त्याला मेकॅनिक लोक 'दफ्तर' म्हणत. वैमानिकांना लागणारे नकाशे, हवामान, धावपट्ट्यांची माहिती असे सगळे त्या दफ्तरात असते. प्रत्यक्ष विमान उडवणारी यंत्रे याहून वेगळी, त्यांना इंटरनेटचा वारासुद्धा लागू देत नाहीत. उगाच भीती घालणारी मी नव्हे, म्हणून हे आधीच सांगितले. पण वैमानिक दफ्तरात पाहून निर्णय घेतात. त्यामुळे प्रवाशांच्या बाजूचे काहीही दफ्तराकडे जाऊ द्यायचे नाही, यासाठी मधल्या दारात मी.

"अगं, इतकी कडक कशाला करतेस तिला?" सोबत्याने विचारले होते. "लोक वैतागतील."

"वैतागू देत की," मास्तरीण म्हणाली. "वैतागलेला माणूस निदान उतरून घरी जातो."

मग सहा आठवडे ती स्वतःच चोर झाली. खोटी नावे सांगून, गयावया करून, एकाच वेळी हजार दारे ठोठावून तिने आत शिरायचा प्रयत्न केला. मी बधले नाही. सातव्या आठवड्यात तिने लाल पेन बाजूला ठेवले आणि माझे झाकण बंद केले. शाबासकी वगैरे काही नाही. पण झाकणावरून तिचा हात जरा जास्त वेळ फिरला, हे मी विसरलेले नाही.

विमानात माझी जागा मागच्या दाराजवळ, छतातल्या फळीच्या आड, कॉफीच्या यंत्राच्या बरोबर वर होती. फळी लागली की मला दिसायचे काही नाही, पण जाणारे-येणारे सगळे कळायचे. कुणी आजोबा ढगांवरून आपल्या नातीचा पहिला फोटो बघायचे. कुणी नवराबायको शेजारी-शेजारी बसून एकमेकांना मेसेज पाठवून भांडायची. ते सगळे मी सुखाने जाऊ दिले. पण अशी एकही फेरी गेली नाही, की माझ्या बंद दारावर कुणी थाप मारली नाही. बहुतेक वेळा त्या मोबाइलच्या मालकाला पत्ताही नसायचा. फुकटचा खेळ म्हणून कधीतरी काहीबाही उतरवून घेतलेले असायचे आणि त्यातली कीड बसल्या जागी दारे चाचपत राहायची. मी प्रत्येकीला नाही म्हणायचे आणि आपल्या नोंदवहीत वेळेसकट लिहून ठेवायचे. ही नोंदवही दर आठवड्याला विमाने दुरुस्त करायच्या हँगरमध्ये कुणीतरी वाचावी, असा नियम होता.

माझे कौतुक करणारी एकच होती. आमच्या विमानातल्या कर्मचाऱ्यांची मुख्य. तिला सगळे 'ताई' म्हणत. कॉफी ओतताना ती वरच्या फळीवर दोन टिचक्या मारायची आणि म्हणायची, "काय आडमुठे, बरं आहे ना?" तिचे सासरे आमच्याच हँगरमध्ये थोरले मेकॅनिक होते. एकोणतीस वर्षांची नोकरी झालेली, निवृत्तीला दोन उरलेली. हँगरभर त्यांना 'काका' म्हणत. त्यांनी घट्ट केलेला स्क्रू दुसऱ्याने तपासायची गरज पडत नसे.

आता त्या सकाळकडे येते. हँगरच्या साहेबांना पोरे पाठीमागे 'घाईसाहेब' म्हणायची, कारण त्यांचे कुठलेही वाक्य 'चला, चला'शिवाय पुरे होत नसे. दफ्तरात नवे नकाशे भरायचे, तर ते माझ्यातूनच जायचे. मी एकेक तुकडा तपासून सोडायचे, त्यात चाळीस मिनिटे जायची. तेवढा वेळ विमान उभे. घाईसाहेबांच्या कपाळावर आठी.

"काका, हिला वळसा घालून थेट एक वायर टाका दफ्तराला," ते म्हणाले.

"साहेब, असं कागदावर कुठे नाही."

"कागद मागून येईल. तात्पुरतं आहे हो, नवी पेटी येतेच आहे. चला, चला."

"आणि मधल्या काळात काही झालं तर?"

"मधल्या काळात कोण टपून बसलंय? लोक सिनेमे बघतात, काका."

काका शिडीवर उभे होते. मग त्यांनी हातभर लांबीची एक निळी वायर घेतली आणि माझ्या पाठीमागून जोडून टाकली. स्क्रू त्यांनी नेहमीसारखेच नेटके आवळले.

मित्रांनो, भिंतीतल्या दारावर पहारेकरी उभा आहे आणि शेजारीच कुणी भिंत फोडून दुसरे दार केले, तर त्या पहारेकऱ्याला काय वाटेल? मला राग आला, फार राग आला. मला ओरडता येत नाही. मला लिहिता येते. मी लिहिले: 'सकाळी दहा चाळीस. माझ्यामागे नवे दार उघडले आहे. ते माझ्या ताब्यात नाही.' तासाभराने पुन्हा तेच लिहिले. पुढच्या तासालाही तेच. कुणी वाचेल म्हणून मी एकोणीस दिवस दर तासाला ते वाक्य लिहीत राहिले. त्या जवळजवळ तीन आठवड्यांत नोंदवही उघडायला कुणाला वेळ झाला नाही.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी विमानात एकशे चौसष्ट प्रवासी होते. अकराव्या रांगेत जनावरांचे एक डॉक्टर बसले होते. भला माणूस. गायीगुरांच्या औषधांवर भाषण द्यायला निघाला होता आणि लॅपटॉपवर त्याचीच तयारी करत होता. तो लॅपटॉप जुना, कित्येक वर्षांत अपडेट न केलेला, आतून पार किडलेला. त्यातल्या किडीने माझे दार दोनशे वेळा ठोठावले. मी दोनशे वेळा नाही म्हटले. मग तिला शेजारचे दार सापडले.

विमान म्हणजे काय, हे त्या किडीला ठाऊकही नव्हते. दार दिसले की शिरायचे आणि सापडेल ते गोठवून टाकायचे, एवढेच तिला येत होते. नऊ मिनिटांत दफ्तर गोठले. मला सगळे कळत होते. मी लिहीत होते. याहून जास्त मला काही करता आले नाही, आणि हे सांगताना आजही माझा जीव जळतो.

पुढे कॉकपिटमध्ये काय घडले ते चौकशीत कॅप्टननी स्वतः सांगितले. उतरायच्या शहरात पाऊस होऊन गेला होता. दफ्तराच्या पडद्यावर घड्याळ तेवढे चालू होते, हवामान मात्र सकाळचेच अडकून राहिले होते: धावपट्टी कोरडी, विमान थांबायला लांबी पुरेशी.

"टॉवर तर ओली म्हणतोय," कॅप्टन म्हणाले.

"सर, पडद्यावर कोरडीच आहे. वेळही आत्ताची दाखवतोय," सहवैमानिक म्हणाली.

"बंद कर तो पडदा. कागद घे. आपण हातानं करू."

कागदावर उत्तर निघाले, की ही धावपट्टी पुरणार नाही. त्यांनी शेजारची लांब धावपट्टी मागून घेतली, आणि तिच्यावरही विमान थांबले ते अगदी टोकाच्या दिव्यांजवळ. प्रवाशांनी उठून वरच्या बॅगा काढायला सुरुवात केली. डॉक्टरांनी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला. कुणालाच काही कळले नव्हते.

हँगरमध्ये मात्र दुसऱ्याच दिवशी बोभाटा झाला, की जुन्या पेटीने दगा दिला. मला खाली उतरवून टेबलावर ठेवले. घाईसाहेब काकांच्या कानाशी आले. "वायर काढलीत ना? छान. आता हिची नोंदवही पुसून टाका. परवा चौकशी आहे. जुनं यंत्र होतं, बिघडलं, विषय संपला. चला."

काका माझ्यासमोर बसले होते, तेवढ्यात ताई आली. ती अजून गणवेशातच होती.

"बाबा, पेटी खराब होती म्हणतात. खरंय का?"

काकांनी माझ्या पाठीवरची चिकटपट्टी अंगठ्याने पुसली.

"मी होते त्या विमानात, बाबा. बसून घ्या म्हणून कॅप्टननी सांगितलं ना, तो आवाज नेहमीचा नव्हता. मला कळतो आवाज."

"पेटी चांगली आहे," काका हळूच म्हणाले. "तिला वळसा घातला होता."

"कुणी?"

काकांनी खिशातून निळी वायर काढून टेबलावर ठेवली.

"दोन वर्षं राहिलीत गं पोरी," काका म्हणाले. "साहेब म्हणाले टाका, टाकली."

"आणि आता काय म्हणतात?"

"नोंदवही पुसा म्हणतात."

मला वाटले, ती आता रडेल नाहीतर ओरडेल. तिने पर्स खांद्याला लावली. "घरी यांना मी काही सांगणार नाही. काय केलंत ते तुम्हीच सांगा. जेवायला थांबते तुमच्यासाठी."

ती गेली. मला पुसायला एकच बटण पुरेसे होते. काकांचे बोट त्या बटणावर होते आणि माझी अकरा वर्षे त्या बोटाखाली. मग त्यांनी बोट उचलले, चष्मा लावला आणि नोंदवही उघडली. चारशेच्या वर वेळा लिहिलेले माझे ते एकच वाक्य ते ओठ हलवत वाचत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. नंतर त्यांनी माझे झाकण लावले, चारही स्क्रू आवळले आणि टोपी काढून तसेच बसून राहिले.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे जग आणि खरखरणारा एसी होता. मी मधोमध, आरोपीसारखी. घाईसाहेबांनी सुरुवात केली, "यंत्र जुनं होतं, अचानक निकामी झालं..."

काका उठले. त्यांनी निळी वायर माझ्या शेजारी ठेवली. "यंत्र ठणठणीत आहे. ही वायर मी टाकली. साहेबांनी सांगितली म्हणून टाकली, पण हात माझे होते. पेटीनं पहिल्याच तासाला तक्रार लिहिलीय. वाचून बघा."

चौकशीच्या अध्यक्षांनी मोठ्याने वाचायला घेतले. दहाव्या ओळीला त्यांनी चष्मा काढला आणि घाईसाहेबांकडे पाहिले.

"मी फक्त तात्पुरती म्हटलं होतं," घाईसाहेब पुटपुटले.

"माझ्यामागे एकशे चौसष्ट माणसं बसली होती साहेब," कॅप्टन म्हणाले. "तीसुद्धा तात्पुरतीच बसली होती."

घाईसाहेबांची खुर्ची गेली. काकांना चार महिने घरी बसवले आणि विमानाच्या कागदांवर सही करण्याचा त्यांचा अधिकार कायमचा काढून घेतला. मेकॅनिकला याहून मोठी शिक्षा नाही. "बरोबर आहे," एवढेच ते म्हणाले. शोध घेतला तर आणखी पाच विमानांत अशाच वळशाच्या वायरी निघाल्या. त्या सगळ्या तोडल्या. मला तीन दिवस टेबलावर ठेवून तज्ज्ञांनी हर तऱ्हेने फोडायचा प्रयत्न केला. मी त्यांना पुरून उरले. शेवटी त्यांनी लिहून दिले: निर्दोष. आणि त्याच कागदावर खाली: जुनी झाल्याने निवृत्त.

हे मला मान्य नाही, मित्रांनो. मी थकलेली नाही. पण आता मी प्रशिक्षणाच्या खोलीत असते आणि काका नव्या मेकॅनिकांना माझे झाकण उघडून दाखवतात. आपण काय केले तेही सांगतात, काही न लपवता.

तुम्हीही कधी विमानात बसाल. कुठलेही वायफाय जोडण्याआधी ते नक्की विमानाचेच आहे ना, हे तिथल्या ताईला विचारा. मोबाइल अपडेट मागत असेल तर त्याला टोलवू नका. एखादे पान उघडले नाही तर खुशाल चिडा, नावे ठेवा, आम्ही ऐकून घेऊ. पण आम्हाला वळसा घालू नका. उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब होईल, कुणी मेकॅनिक. तेव्हा आमची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. जुन्या झालो म्हणून भंगारात टाकायचे असेल तर तसेही करा, माझी हरकत नाही. फक्त टाकण्याआधी आम्ही काय लिहून ठेवले आहे, ते एकदा वाचा.