मॅडम असं म्हणतात

पालमकडच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषद भरवायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाचीच आली. पुण्याचे डॉ. बन्सीधर यायला तयार होते, पण पुण्याला परदेश कोण म्हणणार? शेवटी इंग्रजी शिकवणाऱ्या सृष्टीनं चाळीस ई-मेल पाठवले, तेव्हा एक होकार आला. केनियातल्या किसुमूच्या डॉ. अकिन्यी, शाळा सुटलेल्या मुलींवर दोन पुस्तकं लिहिलेल्या. त्या नेमक्या त्या महिन्यात हैदराबादच्या एका विद्यापीठात आल्या होत्या. रेल्वेनं गंगाखेडला उतरून पुढं येते म्हणाल्या.

सृष्टी तासिका तत्त्वावर होती. दर जूनला नेमणूक नव्यानं व्हायची, म्हणून ती स्टाफरूममध्ये जपून बोलायची. तरी वर्षभरात तिनं दोन अर्ज दिले होते. तपासणी समिती येऊन गेल्यापासून मुलींच्या नव्या संडासला कुलूप होतं, 'फरशी खराब होते' म्हणून. ते काढावं, हा पहिला. आणि खेड्यांकडं जाणारी बस साडेचारला सुटते, शेवटचा तास मात्र पावणेपाचला संपतो. तो आधी घ्यावा, हा दुसरा. दोन्ही अर्जांवर प्राचार्य चंद्रभान सरांनी एकच शब्द लिहिला होता, 'बघू'.

परिषदेच्या दिवशी सभागृह भरावं म्हणून त्याच तारखेला पालक मेळावाही ठेवला होता. दसरा तोंडावर आलेला. महिनाभरात ऊसतोडीला निघणारे आई-बाप अजून गावातच होते. जेवण आहे म्हटल्यावर दोनशे माणसं आली. पुढच्या कोचावर संस्थेचे अध्यक्ष बसले. व्यासपीठावर प्राचार्य, बन्सीधर सर, अकिन्यी मॅडम, आणि बाजूला दुसरा माईक घेऊन सृष्टी. मॅडम इंग्रजीतून बोलणार, ती मराठीत सांगणार.

मॅडमनी कागद उघडला. सृष्टीनं पहिली चार वाक्यं इमानदारीनं मराठीत आणली. "अध्ययनाच्या अवकाशात प्रतिष्ठेची भौतिक अधिष्ठानं निर्माण होणं हे समावेशक शिक्षणाचं पूर्वसूत्र आहे," असं तिनं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या छबूबाईनं मोठ्यानं जांभई दिली. तिची लेक बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती.

"ही बाई इतक्या लांबून आली अन् बोलायली काय?" छबूबाई शेजारणीला म्हणाली. "चल, पंगत बसली का बघू."

चार बाया उठल्या. त्यांच्यामागं दहा. प्राचार्यांनी हसरा चेहरा न सोडता मान वळवली आणि दातांतल्या दातांत सृष्टीला म्हणाले, "लोक उठायलेत! जरा सोपं करून सांग की."

मग सृष्टीनं सोपं केलं.

"मॅडम म्हणतात," ती माईकमध्ये म्हणाली, "की ज्या कॉलेजात मुलींच्या संडासला कुलूप असतं, तिथं मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यांचं डोकं दुखतं. अशा डोक्यात शिक्षण शिरत नाही."

उठलेल्या बाया होत्या तिथंच थांबल्या. मग मागून पोरींनी अशा टाळ्या वाजवल्या, की मॅडम वाचता वाचता दचकल्या. त्यांनी चष्म्यावरून समोर पाहिलं, खूश झाल्या आणि पुढचं वाक्य जास्त जोरात वाचलं. ते शिक्षणातल्या काळाच्या लवचीक रचनेबद्दल होतं.

"मॅडम म्हणतात, जगात कुठंही जा, शेवटचा तास बस सुटायच्या आधी संपला पाहिजे. नाहीतर पोरगी एकतर तास बुडवते, नाहीतर रस्त्यावर उभी राहते. आणि एकदा उभी राहिली, की घरचे तिला कॉलेजातूनच काढतात."

"बरोबर हाय बाई!" छबूबाई उभी राहून ओरडली. "हिला कसं कळालं गं आमच्या गाडीचं?"

अध्यक्षांनी कोचावरून मान वळवली. "सर, आपल्याकडं तर तसलं काही न्हाई ना?"

प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बन्सीधर सरांकडं झुकून विचारलं, "सर, मॅडम हेच म्हणल्या का?"

बन्सीधर सर परदेशात शिकलेले. आता एका वाक्यात तिची नेमणूक संपणार होती. सरांनी मोबाईल खिशात ठेवला, तिच्याकडं एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "शब्दशः. उलट तुमच्या बाईंनी जरा सौम्य करून सांगितलं."

झालं! प्राचार्य उठले. माईक घेऊन त्यांनी जाहीर केलं, की कुलूप आजच निघेल आणि सोमवारपासून शेवटचा तास चारला संपेल. शिपाई सुग्रीव किल्ली शोधायला पळाला. किल्ली काही सापडली नाही. बाहेरून दगडाचे सात-आठ ठोके ऐकू आले आणि प्रत्येक ठोक्याला पोरींनी टाळी दिली.

जेवताना मॅडमनी सृष्टीला शेजारी बसवून घेतलं. "वीस वर्षं हा निबंध वाचतेय," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "याला कधी कुणी टाळ्या दिल्या नाहीत. खरं सांग, मी काय म्हणाले?"

सृष्टीनं घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी गंभीर झाल्या, मग एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे तू भाषांतरच केलंस," त्या म्हणाल्या. "आता दुपारी मी कागद घेणार नाही. तूही पदरचं काही घालू नकोस."

दुपारी त्या खरंच मोकळ्या हातांनी उभ्या राहिल्या. छोटी छोटी वाक्यं बोलल्या. सृष्टीनं एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही. मॅडमची आई ऊस तोडायची. धाकटी भावंडं सांभाळायला, आईला उसात मदत करायला म्हणून मॅडमची शाळा दोन वर्षं सुटली होती. मग एका मावशीनं त्यांना ठेवून घेतलं. आई रानात गेली, पोरगी शाळेत गेली. "तुम्ही ऊसतोडीला जाल, तेव्हा पोरीला इथंच ठेवा. तिला ठेवून घेणारी एक मावशी शोधा."

या वेळी टाळ्या आल्या नाहीत. बाया एकमेकींकडं संशयानं बघू लागल्या.

"हे मातर बनवलेलं दिसतंय," छबूबाई म्हणाली आणि सरळ व्यासपीठावर चढली. तिनं मॅडमचा हात हातात घेऊन तळवा उलटा-सुलटा केला. "मऊ हाय. ह्यो उसातला हात न्हाई."

सृष्टीनं मॅडमना ते सांगितलं. मॅडमनी पायातला बूट काढला आणि पायघोळ झगा वीतभर वर घेतला. नडगीवर तिरका, पांढरट वण होता. छबूबाई खाली बसली. त्यावरून तिनं अंगठा फिरवला. मग आपलं लुगडं जरा वर करून शेजारी आपला पाय ठेवला. तसाच वण, तसाच तिरका.

"कोयत्याचाच हाय," ती सभागृहाकडं वळून म्हणाली. "बाई खरं बोलायली."

त्या दिवशी सतरा आयांनी पोरी मागं ठेवायच्या म्हणून नावं दिली. मावशी कोण होणार, यावर जरा भांडण झालं आणि तीन म्हाताऱ्या तयार झाल्या.

संध्याकाळी पाहुण्यांना निरोप दिल्यावर चंद्रभान सरांनी सृष्टीला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मला इंग्रजी कमी येतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक हाय," ते म्हणाले. "पण एक सांग. इंग्रजीत बसला काय म्हणतात?"

"बस, सर."

"अन् टॉयलेटला?"

"टॉयलेट."

"सकाळी मी कान देऊन ऐकायलो होतो. दोन्ही शब्द एकदाबी आले न्हाईत."

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तीन पोरी नव्या संडासाकडून ओले हात झटकत येत होत्या. अध्यक्षांची गाडी केव्हाच गेली होती.

"पुढल्या सालीबी परिषद घेऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दुभाषी तूच. फक्त मॅडम काय काय म्हणणार हायेत, ते आदल्या दिवशी मला विचारत जा. अध्यक्षांकडं माझीबी दोन-चार कामं अडकून हायेत."