चौदा नंबर गैरहजर

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. ज्यांची हजेरी शेकडा पंचाहत्तर भरली नाही, त्यांना बी.ए.च्या परीक्षेला बसता येणार नाही. खामगावात ही यादी दर वर्षी लागते आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. नावं कुणाची असतात तिच्यात? वरवट बकालकडची, कापूस वेचायला महिनाभर घरी राहिलेली पोरं. ती कॉलेजात टिकावीत म्हणून दोन वर्षं मी सकाळी सातला इंग्रजीचा जादा वर्ग घेत होतो. गावात लोक म्हणत, शेषराव सर पोरांना सोडत नाहीत. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

शेवटच्या वर्षाच्या यादीत दोन मुली होत्या. कोकिळा पुंजाजी दाभाडे आणि शारदा गोपाळ इंगळे. कोकिळेचं मला नवल वाटलं नाही. दिवाळीनंतर ती वर्गात दिसलीच नव्हती. लग्न झालं असणार. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी यावर चांगलं भाषणही ठोकलं होतं, की बघा, आणखी एक हुशार मुलगी चुलीत गेली.

दुपारी एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात वह्या.

"सर, त्या दोघी नाहीत. त्या दोन्ही मीच हाये."

मला समजायला वेळ लागला. दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि कोकिळेची शारदा झाली. सासरे उत्तमराव इंगळे, जलंबचे मोठे शेतकरी. सुट्टी संपताच त्यांनी स्वतः कॉलेजात येऊन चिठ्ठी दिली, की आमच्या सुनेचं नाव शारदा लावा. आमचे हेडक्लार्क हिंमतराव म्हणजे नियमाचा पुतळा. त्यांनी शारदा हे नाव हजेरीत सगळ्यात खाली, एकसष्ट नंबरवर चढवलं. जुनं नाव खोडायला बापाची सही लागते, ती आली नव्हती, म्हणून चौदा नंबरही तसाच ठेवला. दिवाळीपर्यंत कोकिळा हजर, शारदा नाही. दिवाळीनंतर शारदा हजर, कोकिळा नाही. एक मुलगी रोज जलंबहून गाडीनं येत होती, एकही तास बुडवत नव्हती, आणि दोन्ही नावांनी तिची हजेरी निम्मीच भरत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग चौदा नंबर पुकारल्यावर गप्प का बसायचीस?"

"सासूबाईनं शपथ घातली होती. जुन्या नावाले ओ द्यायची नाही म्हणून." ती थांबली. "आन मी एकदा उठली होती, सर. सांगायले. तुमी म्हणले, हजेरी चालू असताना बोलायचं नाही, बसा."

मला ते आठवेना. पण मी तसं म्हटलं असणार, कारण मी रोजच कुणाला तरी तसं म्हणत असे. आठवत होतं ते वेगळंच. हजेरी घेताना मी रजिस्टरातून डोकं वर काढत नसे. पाच मिनिटांत साठ नावं उरकायची मला घाई असायची. पहिल्या बाकावर बसलेली मुलगी कोण, हे मी दिवाळीनंतर एकदाही पाहिलं नव्हतं.

"मामाजीनं एप्रिलपर्यंतच शिकू द्याचं कबूल केलं हाये," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "औंदा परीक्षा हुकली तर संपलं माहं शिक्षण."

मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "सासऱ्यांनी लिहून द्यावं, की दाभाडे आणि इंगळे ही एकच मुलगी. मग बघू."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव प्राचार्यांच्या खोलीत आले. खुर्चीत बसले, कागद पाहिला आणि बाजूला सारला.

"सून माही शारदा. हे दुसरं नाव मी लिहीत नाही. ते तांदळावरच सरलं."

"अहो, पण वर्ष वाया जाईल तिचं," मी ओरडलोच.

"जाऊ द्या ना. घरी काय तिले खायले नाही?"

ती दाराशी उभी होती. आवाज चढला नाही तिचा. "मामाजी, मॅट्रिक कोकिळा झाली. कॉलेजातल्या साऱ्या परीक्षा कोकिळाच पास झाली. तुमच्या शारदानं आतालोक एकबी परीक्षा देली नाही."

उत्तमराव उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून हात झटकले. त्या दोघांचाही मला इतका संताप आला, की तिथेच काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण मारायचं कुणाला? रजिस्टरावर सही माझी होती.

मी तोच कागद ओढला आणि लिहिलं: 'कोकिळा आणि शारदा ही एकच विद्यार्थिनी आहे. ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलेली असताना मी तिला एक्कावन्न दिवस गैरहजर लावलं. मी मान वर करून पाहिलं नाही. हजेरी खोटी आहे आणि चूक माझी आहे.'

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "शेषराव, हे तुमच्या नोकरीच्या फायलीत जाईल. अजून तुम्ही कायम झालेला नाहीत."

"जाऊ द्या," मी म्हणालो. उत्तमरावांचेच शब्द तोंडात आले याचाही मला राग आला.

संध्याकाळपर्यंत यादीतली दोन्ही नावं खोडली गेली. विद्यापीठाकडे फॉर्म गेला तो कोकिळेच्या नावानं, कारण त्यांच्या दप्तरी तीच होती.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घ्यायला उभा राहिलो. प्रत्येक नावाला मान वर केली. साठ नावांना वीस मिनिटं लागली, पोरं चुळबुळायला लागली. चौदा नंबरला मी थांबलो. खाली एकसष्ट नंबरला शारदाही अजून होतीच, म्हणून मी तिच्याकडे पाहून विचारलं, "हजेरी कोणत्या नावापुढं लावू?"

वर्गात जलंबची चार पोरं होती. ती काय बोलते हे संध्याकाळच्या गाडीनं तिच्या घरी पोचणार होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. ती उठली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिनं परत घेतला नाही.

"चौदा नंबरपुढं लावा," ती म्हणाली. "गैरहजर तिलेच लावलं होतं तुमी."